मदत हवी आहे : वसतिगृहातील फ्लूची साथ आणि ताप अंगावर काढणारी मुले

नमस्कार.

पुण्यातील एका विद्यापीठाच्या आवारातील मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टरपद गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. येथे १८४ मुले राहतात. एका खोलीत तिघे, मजल्यागणिक एकच सामाईक स्नानगृह आणि जेवण सर्वांचे तळमजल्यावरच्या मेसमध्ये. पावसाळा लागला की फ्लू येतो, हे आम्ही गृहीतच धरतो. परंतु गेल्या वर्षी दहा दिवसांत ४१ मुले तापाने अंथरुणाला खिळली आणि त्यांपैकी दमा असलेल्या एकाला रुग्णालयात दाखल करावे लागले.

हात साबणाने धुवा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, अशी पत्रके जिन्याजिन्यात लावलेली आहेत आणि मुले ती वाचतातही. खरी अडचण अशी, की आजारी मुलगा खोलीत थांबत नाही. फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून ते पुढे पाच ते सात दिवस विषाणू पसरवू शकतो, आणि त्यातही पहिले तीन-चार दिवस अधिक जोखमीचे असतात. नेमक्या त्याच दिवसांत आमची मुले पॅरासिटामॉल घेऊन वर्गात जाऊन बसतात, कारण ७५ टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेचा अर्ज अडतो. आजारपणाची रजा मिळते, पण तिला डॉक्टरांचा दाखला लागतो. म्हणजे अंगात ताप असताना आरोग्य केंद्राच्या रांगेत तासभर उभे राहायचे आणि मागच्या-पुढच्या चौघांना प्रसाद वाटून परत यायचे. एका मुलाने मला सरळच सांगितले, "सर, ताप आठवड्यात जाईल, पण हजेरी गेली तर वर्ष जाईल." त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून माझा मुख्य प्रश्न असा आहे : ताप आल्यापासून, औषधाशिवाय ताप उतरून २४ तास होईपर्यंतची रजा दाखल्याविना, केवळ रेक्टरच्या नोंदीवर मान्य करण्याची पद्धत आपल्यापैकी कोणाच्या संस्थेत आहे काय? असल्यास तिचा गैरवापर कितपत होतो आणि नियमाचे शब्द काय आहेत, हे कृपया सांगावे. विभागप्रमुखांची पहिली शंका गैरवापराचीच असणार, हे मी जाणून आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. पाहुण्यांच्या दोन खोल्या आणि टेबल टेनिसचे हवेशीर दालन रिकामे करून तेथे आजारी मुलांना ठेवण्याचा विचार आहे. मात्र याच दिवसांत पुण्यात डेंग्यूही असतो, शिवाय कोविड पूर्णपणे गेलेला नाही, आणि सौम्य तापाच्या प्रत्येक रुग्णाची चाचणी होत नाही. अशा वेळी निदान न झालेल्या मुलांना एकाच दालनात झोपवणे योग्य ठरेल, की खिडक्या उघड्या ठेवून प्रत्येकाला आपापल्या खोलीत ठेवणे बरे? जेवणाचा प्रश्न मी सोडवला आहे : मेसमधून डबा वर नेण्यास मनाई होती, ती मी आजाऱ्यांपुरती उठवली.

लसीबाबतही सल्ला हवा. लस घेतल्यावर संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे आमच्याकडे ती पावसाळ्यापूर्वी घेतलेली चांगली. परंतु नवी मुले येतात तीच मुळी जुलै-ऑगस्टमध्ये. प्रवेशाच्या वेळी सवलतीत लस देण्याचा प्रयोग कोणी केला असल्यास खर्चाची विभागणी कशी केली, ते लिहावे.

वसतिगृह बंद करण्याचा उपाय कृपया सुचवू नये. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शहरातील शाळा-महाविद्यालये बंद झाली, तेव्हा मी स्वतः विद्यार्थी होतो. आमच्या खोलीतला एक जण कणकण अंगात असतानाच एसटीने गावी गेला आणि दोन दिवसांत घरची आजी आजारी पडली. वयोवृद्धांना हा आजार किती जड जातो, हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या सोमवारी वसतिगृह समितीची बैठक आहे. रजेच्या नियमाचा मसुदा मला त्यापूर्वी तयार करायचा आहे, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले तर फार उपकार होतील.