बी साईड कोणी ऐकली का हो?

आमच्याकडं हरभऱ्याच्या ओलिताला थ्री फेज लाईन पाळीपाळीनं रात्रीची येते. मोटर सुरू केली, स्प्रिंकलर फिरू लागले की तीन तास पाईप बदलायचं काम नसते. झोपलं तर पाणी एकाच जागी साचते, जागं राहिलं तर डोक्यात उधारीचे हिशेब सुरू होतात. मग मी मोबाईल बांधावर ठेवतो अन् अख्खा अल्बम लावून देतो. रोही (नीलगायी) अन् डुकरं आवाजाला बिचकतात, तो वेगळा फायदा.

परवा भीमराव पांचाळेंचा 'एक जखम सुगंधी' लावला. माणूस आपल्याच अमरावती जिल्ह्यातला, आष्टगावचा. 'अंदाज आरशाचा' सगळ्यांना पाठ. ती गझल इलाही जमादारांची हे निम्म्यांना माहीत नसते, अन् त्यापुढचे पांचाळे तर कोणी ऐकतच नाही. ते एकच ओळ दोन-तीनदा घेतात, दर वेळी वेगळ्या सुरावर उतरवतात, अन् दुसऱ्या ओळीला मुद्दाम उशीर करतात. दिवसा हा उशीर सोसवत नाही. रात्री दोन वाजता ती ओळ पडते तेव्हा तोंडातून 'वा' निघून जाते, अन् ऐकायला जवळ फक्त कुत्रं असते.

तर हा चर्चेचा धागा त्यासाठीच: बी साईड, म्हणजे कॅसेटची दुसरी, न ऐकलेली बाजू. एकटं गाणं सांगू नका, अख्खी कॅसेट सांगा. कुठं ऐकली तेही सांगा. 'मस्त आहे' एवढंच लिहिणाऱ्यानं त्यापेक्षा मिरच्या निवडाव्या.

वरूडहून, संत्रा बागायतदार

कुमार गंधर्वांची 'गीत वर्षा'. मृग बहारासाठी मे महिन्यात झाडं ताणावर सोडलेली असतात. पाणी तोडलं, पानं मलूल, अन् आपण रोज संध्याकाळी वर पाहायचं. त्या दिवसांत मी ही लावतो. बायको म्हणते, पाऊस नाही तर पावसाचे गाणे तरी! टोमणा असते, पण ऐकते तीही.

कुमारजींची निर्गुणी भजनं सगळीकडं पोचली. ही पोचली नाही, कारण हिच्यात एकच गाणं उचलून दुसऱ्याला पाठवता येत नाही. आभाळ भरून येण्यापासून ऐकावं लागते. 1948 मध्ये ते क्षयाच्या दुखण्यानं देवासला आले, काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या बायांची माळवी गाणी कानावर पडायची. ते ऐकलेलं इथं कळते. ताना लांबलचक नाहीत, सूर फेकला की सोडला. माझी सासुरवाडी पांढुर्ण्याची, सातपुड्यालगतची. तिथल्या म्हाताऱ्या बाया दळताना असंच मध्येच तोडतात, म्हणून मला हे परकं वाटलं नाही.

मूर्तिजापूर

शकुंतला रेल्वे बंद पडली तर पेपरात बातमी येते. गायक वसंतराव देशपांडे 1920 मध्ये इथं जन्मले, त्यांचा मारवा राग कोणी ऐकत नाही, त्याची येत नाही. 'घेई छंद' बास झालं आता. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मारवा लावा.

पुसदहून, मोबाईलचं दुकान

भाऊ, मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. काही वर्षांआधी लोकांचे मेमरी कार्ड मीच भरून द्यायचो. पन्नास रुपयांत कार्ड फुल. अल्बम कोणी मागत नसे. 'लग्नाचे टाक', 'दिंडीचे टाक', 'ट्रॅक्टरवर वाजवाचे टाक' अशी ऑर्डर यायची. जागा उरली की मी आपल्या मर्जीचं काही ढकलून द्यायचो. इंडियन ओशन या बँडचा 'कंदिसा' अल्बम (2000) असा किती कार्डात गेला असेल, हिशेब नाही.

बहुतेक जण डिलीट करायला परत यायचे. 'हे काय भरलं रे, यात तर गाणंच सुरू होत नाही!' बरोबर आहे, त्यांच्यात आधी वाद्यंच बोलत बसतात. 'कंदिसा' हे गाणं तर सिरियाक भाषेतली प्रार्थना आहे, मलेही एक शब्द समजत नाही. पण एक दिवस तांड्यावरचा एक नाईक आला, वय असेल साठच्या वर. कार्ड पुढं केलं न म्हणाला, ते नदीचं गाणं राहू दे, बाकी सारं काढ. त्याच अल्बममधलं 'माँ रेवा' म्हणत होता तो. मी पैसे घेतले नाही. आता डेटा स्वस्त झाला, दुकानात नुसते कव्हर अन् ग्लास विकतो.

मेहकर–चिखली एसटी, रोजची

मी शिक्षिका. जाताना दीड तास, येताना दीड तास. माझा अल्बम 'निवडुंग' सिनेमाचा (1989), संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. तुम्ही म्हणाल, त्यातली गाणी तर गाजलीत. गाजलीत, पण एकेकटी. 'ती गेली तेव्हा रिमझिम' नागपूरच्या ग्रेसांचं, 'केव्हातरी पहाटे' अमरावतीच्या सुरेश भटांचं. आपल्याकडचे दोन कवी एकाच सिनेमात, अन् दोघं किती वेगळे! भटांची ओळ सरळ येऊन भिडते. ग्रेसांची ओळ बसच्या खिडकीतून पाहिल्यासारखी: काही दिसलं म्हणेपर्यंत मागं जाते.

ही गाणी इअरफोनशिवाय ऐकू नये. एकदा स्पीकरवर लावली तर मागच्या सीटवरच्या आजीनं विचारलं, 'कोणी गेलं का वं माय तुया घरचं?'

अकोला

ताई, ग्रेस आवडतात तर 'साजणवेळा' शोधा. संगीत आनंद मोडकांचं, अन् मोडक आमच्या अकोल्याचे.

पुन्हा मूर्तिजापूर

ग्रेस समजत नाही राजेहो.

अकोला

मलेही नाही. चौथ्यांदा ऐकून रायलो.

उमरेडकडून

माझ्या कॅसेटला नाव नाही. कव्हर हरवलं, वरचा कागद निघून गेला. वडील दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचे, येताना पुस्तकं अन् एक कॅसेट आणायचे. ही त्यातली एक, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची. पहिलं गाणं टेपनं गिळलं होतं. वडिलांनी पेन्सिल घालून रीळ गुंडाळली, चुरगळलेला तुकडा कापला अन् नखपॉलिशनं जोड दिला. तेव्हापासून पहिलं गाणं मधूनच सुरू होते.

डीजेवर वाजतात ती भीमगीतं वेगळी. त्यांचा मी शत्रू नाही, चौदा एप्रिलला नाचतोही. पण या कॅसेटमध्ये ढोलकी, पेटी अन् शब्द एवढंच आहे. वामनदादा दादाभाईला, बाईमाणसाला समोर बसवून समजावल्यासारखं लिहितात. माझी आई शाळेत गेली नाही. तिला जी तारीख-सनावळी माहीत आहे ती या गाण्यांतून. मागच्या वर्षी तेच पहिलं गाणं मोबाईलवर सुरुवातीपासून सापडलं. आईला ऐकवलं. म्हणाली, 'हे आपलं नाही, आपलं मधातून सुरू होते.'

वडसा (देसाईगंज)

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत अल्बम कुठला, नाटक असते. दिवाळी झाली, मंडई (गावची जत्रा) अन् शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की रातभर. स्टेजसमोर ऑर्गन-तबला, आता ऑक्टोपॅडही. त्यातल्या चाली कुठं निघत नाहीत, सकाळी विरून जातात. मी मोबाईलवर धरून ठेवतो, पण माझ्या रेकॉर्डिंगमध्ये गाण्यापेक्षा मागचे शेंगदाणेवाले जास्त ऐकू येतात. तरी कोणाले पाहिजे तर सांगा.

वलगावजवळचा

मी सांगतो ते गाण्याचं नाही म्हणून कोणी उडवून लावाल, पण टाळ आहे, 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला' आहे, मग चालेल. गाडगेबाबांचं कीर्तन. 1956 मध्ये वांद्र्याच्या पोलीस लायनीत झालं, कोणीतरी टेप करून ठेवलं. पुढं थोड्याच दिवसांनी, 20 डिसेंबरला, बाबांनी आमच्याकडंच देह ठेवला, वलगावजवळ, वाटेत.

फोटो सगळ्यांनी पाहिला, आवाज किती जणांनी ऐकला? मी स्वतः चाळिशीत ऐकला. मला वाटायचं, संत म्हणजे संथ बोलत असतील. हा माणूस धडाधड बोलते! आवाज चिरका, बोली अस्सल आपली, हसवते, लगेच दटावते. कर्ज काढू नका, पोरं शिकवा, हेच फिरून फिरून. सारखे प्रश्न टाकतात अन् लोकांकडून उत्तर घेतल्याशिवाय पुढं सरकत नाहीत. रेकॉर्डिंग खरखरीत आहे, काही शब्द हुकतात. पहिली दहा मिनिटं कान बसू द्या.

माझी आजी नव्वदीची. एका दुपारी ओसरीत तूर निवडत होती. मी मोबाईल सुपाजवळ ठेवला, कोण आहे ते सांगितलं नाही. थोडा वेळ ती निवडतच राहिली. बाबांनी काहीतरी विचारलं, तिकडच्या लोकांनी हो म्हटलं, अन् इकडून आजीही 'हो' म्हणाली. पुढच्या प्रश्नाला हात थांबला. तिसऱ्याला तिनं लोकांच्या आधी उत्तर दिलं. मग माझ्याकडं न पाहताच म्हणे, 'आवाज मोठा कर रे, त्या शेजारनीलेबी आयकू दे.'