मदत हवी आहे: मियाजिमा एका दिवसात (सहा जण, दोघे शाकाहारी)

पायपीट:
एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही सहा मित्रमैत्रिणी ओसाकाहून हिरोशिमाला जाऊन दोन रात्री राहणार आहोत. हॉटेल हिरोशिमा स्टेशनजवळ आहे. मधला अख्खा दिवस मियाजिमा बेटासाठी ठेवलाय. पाण्यात उभी असलेली तोरी (देवळाची लाकडी कमान) बघायची आहे, ओहोटीत तिच्या खालून चालायचं आहे, मिसेन डोंगर चढायचा आहे आणि रात्री शहरात ओकोनोमियाकी (तव्यावरचं थरांचं घावन) खायचं आहे. तारखा चारपाच दिवस मागेपुढे सरकवता येतील. क्रम कसा लावावा? दोघे शाकाहारी आहेत, त्यातली एक अंडंही खात नाही.

खारं_वारं:
तारखा सरकवता येतायत ना, मग निम्मं काम झालं. हॉटेल बुक करायच्या आधी कालनिर्णय काढा. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि नंतरचे दोनतीन दिवस, म्हणजे उधाणाचे दिवस धरा. अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही, तोरी दिवसभर अर्धवट चिखलपाण्यात उभी.

आकडे लक्षात ठेवा. तक्त्यात पाण्याची पातळी २५० सेंमीच्या वर असेल तर तोरी आणि इत्सुकुशिमा देऊळ तरंगल्यासारखे दिसतात. १०० सेंमीच्या खाली गेली की तोरीपर्यंत चालत जाता येतं. दोन्ही एकाच दिवशी मिळतं ते उधाणातच. मियाजिमाच्या पर्यटन संघटनेच्या साइटवर वर्षभराचा भरती-ओहोटीचा तक्ता असतो.

आपल्याकडचं 'तिथीची पाऊणपट' (तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट वाजता भरती) हे गणित मात्र तिथे लावू नका, तासदोन तासांनी चुकाल. हिरोशिमाच्या खाडीत उधाणाच्या दिवशी भरती साधारण सकाळी नऊ-दहाला आणि ओहोटी दुपारी तीन-चारला येते. तिथीवरून दिवस ठरवा, वेळ तक्त्यातूनच घ्या. रोज ती पाऊण-एक तास पुढे सरकते.

एप्रिल निवडलात ते उत्तम. वसंतात दिवसाची ओहोटी खोल जाते. हिवाळ्यात उलट, खोल ओहोटी रात्री येते, त्यामुळे डिसेंबरात पौर्णिमा गाठूनही दुपारी १०० च्या खाली पाणी उतरेलच असं नाही.

रुळावर:
वरच्या वेळा धरून क्रम देतो.

हिरोशिमाहून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) सान्यो मार्गाने मियाजिमागुची, म्हणजे बोटीच्या धक्क्याजवळचं स्टेशन, २८ मिनिटं, ४२० येन. ट्रामनेही जाता येतं, पण सव्वा तास जवळपास मोडतो. ट्राम शहरात फिरायला ठेवा.

धक्क्यावर दोन कंपन्यांच्या बोटी शेजारी शेजारी लागतात. दोन्हींचं भाडं २०० येन, वर बेटाचा १०० येन कर फक्त जाताना. जेआरची बोट घ्या, कारण सकाळी ९.१० पासून दुपारी ४.१० पर्यंत जाणाऱ्या फेऱ्या वळसा घालून तोरीजवळून जातात. उजव्या बाजूला उभे राहा. ही सोय फक्त जाताना, परतीची बोट सरळ येते.

म्हणजे ९.१० किंवा त्यानंतरची बोट, उतरून थेट इत्सुकुशिमा देऊळ (३०० येन), तेही भरतीतच. मग साडेदहा-अकराला रोपवे, दोनच्या सुमारास खाली, जेवण आणि तीनला तोरी. हे उलटं केलंत, आधी डोंगर आणि मग देऊळ, तर देवळाखाली नुसती वाळू दिसेल.

हिरोशिमा शहरातल्या पीस पार्कजवळून थेट बेटावर जाणारी बोटही आहे. पाऊण तासाची सफर छान, पण महाग. शिवाय नदीवरच्या पुलांखालून जाते, त्यामुळे पाणी फार चढलं किंवा फार उतरलं की फेऱ्या रद्द होतात. नेमके तुमचे उधाणाचे दिवस! तिच्या भरवशावर राहू नका.

ओसाकाहून येताना जेआरचा कान्साई-हिरोशिमा एरिया पास बघा. १७,००० येन, पाच दिवस. शिनकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) जाण्यायेण्याचं सुटं तिकीटच वीस हजारांच्या वर जातं. जेआरची बोटही त्यात येते, बेटाचे १०० येन तेवढे वेगळे भरायचे.

पायपीट:
@रुळावर, फार उपयोगी! मिसेनला तीन तास पुरतील? एकीचे गुडघे कुरकुरतात.

रुळावर:
पुरतील, पण 'रोपवे म्हणजे शिखर' असं समजू नका. रोपवेचे दोन टप्पे आहेत, मधे कायातानीला पाळणा बदलायचा. वरचं शिशिइवा स्टेशन लागलं तरी ५३५ मीटरच्या शिखरापर्यंत अर्धा तास चाल उरते. तीही आधी उतार आणि मग दगडी पायऱ्यांचा चढ, म्हणजे येतानाही थोडं चढावं लागतं. गुडघेवालीने शिशिइवालाच थांबावं, समुद्रातली बेटं तिथूनही झकास दिसतात. जाऊन-येऊन २,००० येन. जोराचा वारा असेल तर रोपवे बंद, सकाळी निघण्याआधी साइट बघा. शेवटचा पाळणा चुकला तर अंधारात दीड तास पायउतार.

तव्यावरची:
खाण्याचं सांगते. हिरोशिमाच्या ओकोनोमियाकीत तव्यावर पातळ घावन, त्यावर माशाची पूड, मग कोबीचा ढीग, डुकराच्या मांसाच्या चकत्या, नूडल्स, अंडं आणि वर गोडसर सॉस असे थर असतात. 'निकु नुकी' म्हणजे मांसाशिवाय असं सांगितलं तर फक्त चकत्या जातात. माशाची पूड तिथे कोणी मांसात धरत नाही. वर भुरभुरलेल्या तळलेल्या पिठाच्या कण्यांत बऱ्याचदा स्क्विड असतो, सॉसमध्येही प्राण्यांचा अर्क. आणि तवा एकच.

म्हणून साध्या दुकानात शाकाहारींचा जुगार नको. पीस पार्कजवळच्या 'नागाताया'त शाकाहारी आणि व्हीगन प्रकार मेनूवरच असतात. रांग लांब लागते, त्यामुळे सातला नाही, साडेपाचला पोहोचा. सहा जणांना एकत्र जागा मिळणं कठीण, तीन-तीन बसायची तयारी ठेवा.

बेटावरचं मोमिजी मांजू हे पक्वान्न आतून लाल चवळीसारख्या गोड पुरणाचं, पण आवरणात अंडं असतं. दुपारसाठी त्या दोघांनी घरून नेलेले ठेपलेच बरे.

खारं_वारं:
राहिलंच. तोरीकडे जाताना जुने बूट घाला. वाळू घट्ट दिसते, पण मधे मधे घोटाभर पाण्याची डबकी आणि निसरडं शेवाळ असतं. पाणी १०० च्या खाली गेल्यावर ओहोटीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर धरा, परतणारं पाणी गप्पांच्या नादात कळत नाही. खांबांच्या भेगांत नाणी खोचू नका, लाकूड खराब होतं. आताची तोरी १८७५ ची आहे, कापराच्या झाडाचे खांब, आणि जमिनीत पुरलेली नाही, स्वतःच्या वजनावर उभी आहे.

आणि हरणं. खायला द्यायची नाहीत, पण ती मागायलाही थांबत नाहीत. नकाशा, तिकीट, ठेपल्यांचा कागद, काहीही ओढून चावतात. पास आतल्या खिशात ठेवा.