घरातील वीजवापर मोजण्यासाठी सबमीटर कोणता घ्यावा आणि कोठे बसवावा?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर येथील रहिवासी):

सप्रेम नमस्कार. राजारामपुरीत आमचे दुमजली जुने घर आहे. खाली आई-वडील आणि वर आम्ही राहतो. महावितरणचा सिंगल फेज मीटर मात्र दोन्ही मजल्यांना मिळून एकच आहे. आजवर महिन्याला साधारण २१० युनिट पडत असत, ते गेल्या तीन बिलांपासून ३४० च्या आसपास गेले आहेत. घरात नवे उपकरण आलेले नाही. वीज नेमकी कोठे जाते हे कळावे म्हणून सबमीटर (मुख्य मीटरखेरीज घरातला वेगळा मीटर) बसवण्याचा विचार आहे. परंतु दुकानात विचारणा केली असता एकाने डिन रेलवर (वीजबोर्डातील धातूच्या पट्टीवर) बसणारा मीटर दाखवला, दुसऱ्याने वायरीला चिमट्यासारखा अडकवायचा वाय-फायचा मीटर सुचवला, तर तिसऱ्याने प्रत्येक उपकरणाला स्मार्ट प्लग लावण्यास सांगितले. यांतले काय घ्यावे आणि बसवताना कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त वीज अभियंता, रुईकर कॉलनी):

मीटर विकत घेण्यापूर्वी आपल्याच आकड्यांकडे एकदा नीट पाहावे, कारण अर्धे उत्तर त्यांतच आहे. महिन्याला १३० युनिट वाढले म्हणजे दिवसाला सुमारे ४.३ युनिट वाढले. एवढी वीज प्रामुख्याने दोन प्रकारे खर्च होऊ शकते: १८० वॉटचे काहीतरी चोवीस तास चालू असेल, किंवा २००० वॉटच्या गिझरसारखे मोठे उपकरण रोज दोन तास अधिक चालत असेल. या दोन शक्यतांचा निवाडा करण्यासाठी रात्री अकराला आणि पहाटे पाचला, मधल्या काळात कोणी गिझर वा पंप लावणार नाही अशा दिवशी, मुख्य मीटरचे रीडिंग लिहून ठेवावे. रात्रभरात आकडा बराच वाढला तर पहिली शक्यता, नाहीतर दुसरी.

याहून जलद पद्धतही आहे. मीटरवर लुकलुकणाऱ्या लाल दिव्याजवळ एका युनिटला किती स्पंद हे छापलेले असते. पुष्कळ सिंगल फेज मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. तसे असल्यास दोन लुकलुकींमधील सेकंदांनी ११२५ ला भागावे, म्हणजे त्या क्षणीचा भार वॉटमध्ये मिळतो. आकडा १६०० असेल तर २२५० ला भागावे. एका लुकलुकीवर विसंबू नये. दहा मोजून सरासरी घ्यावी, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होऊन गोंधळ होऊ नये म्हणून तेवढ्यापुरता फ्रिज बंद ठेवावा. त्यानंतर एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा स्विच) खाली करत गेल्यास कोणत्या सर्किटवर भार आहे ते समजते. सबमीटर कोठे लावायचा हे या तपासानंतर ठरवावे.

खर्चाचा हिशेब करताना सरासरी दर धरू नये. आपला घरगुती दर टप्प्यांचा आहे: पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० त्याहून अधिक दराने आणि ३०१ पासून पुढची आणखी चढ्या दराने. त्यामुळे वाढलेली किंवा वाचवलेली युनिटे नेहमी वरच्या, महाग टप्प्यातली असतात.

उत्तर २ (वायरमन, फुलेवाडी):

अभियंता साहेबांनी सांगितलेला क्रमच योग्य आहे. मी बसवण्याविषयी लिहितो, कारण चुका तेथे अधिक होतात.

संपूर्ण मजल्याचा वापर मोजायचा असेल तर डिन रेलवरचा, वर्ग १.० अचूकतेचा (साधारण एक टक्क्यापर्यंत चूक असणारा) मीटर घ्यावा. व्होल्ट, अँपिअर, वॉट आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या वॉटचे प्रमाण) दाखवणारा मिळाला तर उत्तम. मजल्यासाठी १०-६० अँपिअरचा आणि एकट्या गिझर वा पंपासाठी ५-३० अँपिअरचा पुरतो. जुन्या बाजारातले चकतीचे मीटर स्वस्त मिळतात, पण कमी भारावर त्यांच्या आकड्यांचा भरवसा नसतो आणि आपल्याला नेमका कमी भारच शोधायचा आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट न्यूट्रलची. जुन्या घरांत दोन्ही मजल्यांचे न्यूट्रल बहुधा एकाच पट्टीवर एकत्र केलेले असतात. वरच्या मजल्याचा फेज सबमीटरमधून नेला आणि न्यूट्रल मात्र तसाच सामाईक ठेवला तर आकडे चुकतात. आपल्याकडील अनेक मीटर फेज व न्यूट्रल या दोन्हींतील प्रवाह मोजतात आणि त्यांत फरक आढळला तर जो अधिक असेल त्यावर युनिटे धरतात. वीजचोरी रोखण्यासाठी ही सोय केलेली असते. म्हणून ज्या सर्किटचा फेज, त्याच सर्किटचा न्यूट्रल वेगळा काढून मीटरमधून न्यावा लागतो. आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या घरात हे चुकले तर तो पडतच राहतो. टर्मिनलांचा क्रमही प्रत्येक मीटरमध्ये सारखा नसतो, तेव्हा झाकणाच्या आतली आकृती पाहूनच जोडणी करावी.

चिमट्याचा सीटी मीटर (वायरीभोवती बसून प्रवाह मोजणारा) लावणे सोपे, कारण वायर तोडावी लागत नाही. तो फक्त फेजच्या वायरीभोवती बसवावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यात आले तर जाणारा व परतणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. व्होल्टेजची जोडणी नसलेला स्वस्त सीटी मीटर २३० व्होल्ट गृहीत धरून, पॉवर फॅक्टर न मोजता गुणाकार करतो, त्यामुळे पंप, फ्रिज, इन्व्हर्टर अशा भारांवर तो प्रत्यक्षापेक्षा अधिक वॉट दाखवू शकतो. स्मार्ट प्लग टीव्ही किंवा फ्रिजला चांगला आहे. १० अँपिअरचा प्लग गिझरला कधीही लावू नये, कारण ३००० वॉटचा गिझर १३ अँपिअर घेतो.

सबमीटर नेहमी आपल्या मेन स्विचच्या पुढे, घराच्या बाजूला बसवावा. महावितरणच्या मीटरचे सील कोणाच्याही सांगण्यावरून तोडू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली तो गुन्हा ठरू शकतो. मुख्य मीटरच जलद चालतो अशी शंका असेल तर तपासणीसाठी रीतसर अर्ज करता येतो. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, परवानाधारक माणसाकडूनच काम करून घ्यावे. स्क्रू घट्ट आवळलेले हवेत. सैल टर्मिनल तापते आणि जळते. मल्टिस्ट्रँड (अनेक तारांच्या) वायरीला लग (टोकाची धातूची टोपी) लावणे टाळू नये.

उत्तर ३ (गृहिणी, शाहूपुरी):

दादा, मीटर किती उंचीवर बसवायचा याचाही विचार करावा. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही डीबी (वीजवाटपाचा बोर्ड) दुरुस्त करून पुन्हा जिन्याखालीच बसवला आणि २०२१ च्या जुलैत तो पुन्हा पाण्यात गेला. राजारामपुरी उंचावर आहे, त्यामुळे आपल्याला ही भीती नसेल. परंतु पंचगंगेच्या बाजूला राहणाऱ्यांनी दोन्ही पुरांच्या खुणांच्या वर जागा निवडावी.

दुसरे असे की आमच्याकडे सबमीटर बसल्यावर सासूबाईंनी आंघोळीचे पाणी कोमट घ्यायला सुरुवात केली होती. आकडा त्यांच्यासाठी नाही, बिघाड शोधण्यासाठी आहे, हे मला त्यांना समजावून सांगावे लागले. आपल्या आई-वडिलांनाही आधीच सांगून ठेवावे.

प्रश्नकर्त्याचे पुढील टिपण:

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री दिवे, पंखे आणि दोन्ही फ्रिज बंद ठेवून मोजणी केली. आमच्या मीटरवर ३२०० हाच आकडा आहे. दहा लुकलुकींना ६० सेकंद लागले, म्हणजे सुमारे १८८ वॉट. वरच्या मजल्यावरील इन्व्हर्टरचा पुरवठा बंद करताच त्याच दहा लुकलुकींना २८० सेकंद लागले, म्हणजे जेमतेम ४० वॉट. वीज गेलेली नसतानाही इन्व्हर्टर एकटा जवळपास १४८ वॉट घेत होता. दिवसाला साडेतीन युनिट. बॅटरी पाच वर्षांची आहे, हाताला गरम लागते आणि अलीकडे तिला दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालावे लागत होते. या दोन गोष्टींचा बिलाशी संबंध असेल असे कधी मनात आले नव्हते.

उत्तर १ (निवृत्त वीज अभियंता, रुईकर कॉलनी):

बॅटरीचा एखादा सेल निकामी झाला असावा. मग ती कधीच पूर्ण भरत नाही, चार्जर प्रवाह देतच राहतो आणि ती वीज उष्णतेत व पाण्याच्या विघटनात जाते. त्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बंद खोलीत ही बॅटरी आणखी एक दिवसही चार्जिंगवर ठेवू नये. आजच पुरवठा तोडून ती तपासून घ्यावी. बदलल्यानंतर दोन-तीन दिवसांनी, नवी बॅटरी पूर्ण भरलेली असताना, हीच मोजणी पुन्हा करावी. महिन्याच्या १३० युनिटांपैकी सुमारे १०६ चा हिशेब लागला आहे. उरलेल्या चोवीसेक युनिटांसाठी ५-३० अँपिअरचा मीटर वरच्या गिझरच्या सर्किटवर लावावा आणि थर्मोस्टॅट वेळेवर तोडतो की नाही ते त्यावर पाहावे.