मदत हवी आहे: प्युअर डेटामधले कच्चे तुकडे एमपी३ केल्यावर फाटतात

प्युअर डेटा (आवाज घडवण्याची दृश्य प्रोग्रामिंग भाषा) शिकता शिकता ग्रॅन्युलर सिंथेसिसचे, म्हणजे आवाजाचे अगदी छोटे कण एकत्र रचून केलेले, काही कच्चे ध्वनितुकडे तयार झाले असून ते आहेत तसेच, खरखरीसकट, इतरांना ऐकवायचे आहेत. मूळ ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइल हेडफोनवर आणि स्पीकरवरही हवी तशीच वाजते. मात्र १२८ केबीपीएस एमपी३ केल्यावर, जिथे २०-३० मिलिसेकंदांचे कण दाट होतात, नेमकी तिथेच मुद्दाम ठेवलेल्या खरखरीवर एक वेगळी, नको असलेली फाट चढते.

प्रत्येक कणाला हॅन विंडो (कणाची सुरुवात आणि शेवट हळूहळू शून्यावर आणणारा आकार) लावलेली आहे आणि डीसी ऑफसेटही (लहरीचे शून्यरेषेपासून एका बाजूला सरकणे) काढला आहे. सर्वोच्च पातळी उणे १ डेसिबलवर आणल्यावर फाट कमी झाली, गेली नाही. ३२० केबीपीएसवर ती जवळजवळ ऐकू येत नाही, परंतु फाइल लहान ठेवणे भाग आहे. जोरदार लिमिटर (ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबणारे साधन) लावण्याचा सल्ला कृपया देऊ नये, कारण आवाजातले चढउतार हाच या तुकड्यांचा जीव आहे.

ही फाट डिजिटल नमुन्यांच्या (लहरीच्या मोजलेल्या बिंदूंच्या) दरम्यान पातळी शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटल कमाल मर्यादेच्या, वर गेल्याने येते, की इतका दाट गोंगाट कमी बिटरेटमध्ये एन्कोडरला (एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रामला) पेलत नाही म्हणून, आणि या दोहोंतले खरे कारण वेगळे काढण्यासाठी कोणती चाचणी करावी?