ब्राउनेकला बर्फात गेलेली स्की, आणि हरवल्या सामानाचं काय करायचं

प्रेषक: म्युनिकच्या मोसाखहून, नवीन सभासद
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आपल्या ग्रुपच्या आजच्या लेंगरीसच्या स्की-सहलीत ह्यांची उजवी स्की हरवली. दुपारी तीनच्या सुमारास ब्राउनेक डोंगराच्या वरच्या भागात, पिस्टच्या (स्कीसाठी सारख्या केलेल्या वाटेच्या) डाव्या कडेला जिथे बर्फ दाबलेला नव्हता तिथे हे पडले. दोन्ही बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारे पकड-सांधे) सुटली. डावी स्की पायाशीच होती, उजवी कुठे गेली ते कळलंच नाही. आम्ही चौघांनी ते पडले तिथून खालचा सगळा भाग काठ्यांनी टोचून पाहिला. वरून बर्फ पडत होता आणि लिफ्ट बंद व्हायची वेळ झाली, म्हणून निघावं लागलं.

स्की भाड्याची आहे आणि येत्या रविवारी परत करायची आहे. एक हरवली तरी पूर्ण जोडीचे पैसे भरावे लागतील असं दुकानातून कळलं. उद्या ऑफिसमधून लवकर निघून, लिफ्ट बंद झाल्यावर पायी वर जाऊन शोधू, तेव्हा गर्दी नसते, असं ह्यांचं म्हणणं आहे. कोणाला असा अनुभव आहे का? स्की मिळण्याची आशा धरावी का?


प्रेषक: पासिंगचे काका
सोमवार, सकाळी ६:५०

ताई, आशा जरूर धरा, पण संध्याकाळी वर मुळीच जाऊ देऊ नका. हे मी सगळ्यांसाठीच लिहितो आहे. लिफ्ट बंद झाली की पिस्ट सारखी करणारी यंत्रं वर निघतात. तीव्र उतारावर ती पोलादी दोरावर लटकून काम करतात. हा दोर हजार मीटरपर्यंत लांब असू शकतो. कधी तो बर्फात दडलेला असतो, तर कधी एकदम ताणला जाऊन माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर येतो. अंधारात तो दिसत नाही, आणि यंत्र चालवणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. आल्प्समध्ये या दोरांनी माणसं मेलेली आहेत. दिवसा, लिफ्ट चालू असताना जा आणि वर पोचल्यावर तिथल्या माणसाला सांगून मगच शोधायला लागा.

आता शोधायचं कसं. तुम्ही खालच्या बाजूला शोधलंत, नवीन माणूस तसंच करतो. पण बाइंडिंग सुटल्यावर माणूस गडगडत खाली जातो आणि स्की बहुतेक वेळा वरच राहते. तिला ब्रेक असतात, पण ते घट्ट बर्फासाठी. भुसभुशीत बर्फात ब्रेकच्या दांड्यांना धरायला काही मिळत नाही, स्कीचं नाक खाली घुसतं आणि ती पृष्ठभागाखालून थोडी सरकून थांबते. वर मागमूस राहत नाही. म्हणून हे जिथे थांबले ती जागा महत्त्वाची नाही, बाइंडिंग जिथे सुटलं ती जागा आठवायला सांगा. तिच्या दोन-तीन मीटर वरून सुरुवात करा आणि मग खाली या.

काठीने टोचण्यात वेळ जातो, कारण काठी एका ठिपक्यालाच लागते. दुसरी स्की हातात घ्या आणि तिच्या शेपटीने बर्फ आडवा कापत जा, उताराला काटकोनात. हरवलेली स्की साधारण उताराच्या दिशेने पडलेली असते. ती दीड मीटरपेक्षा लांब आहे, त्यामुळे आडव्या रेघा मीटर-मीटरवर मारल्या तर एखादी रेघ तिला लागतेच. ‘टक्’ असा आवाज येतो, तो दगडापेक्षा वेगळा असतो. माझ्याकडे हिमस्खलनात वापरतात ती २४० सेंटिमीटरची घडीची सळई आहे, ती घेऊन मी येतो. कोणाकडे धातुशोधक असेल तर आणा. स्कीच्या कडा पोलादी असतात आणि बाइंडिंगमध्येही धातू असतो, त्यामुळे तो चांगला चालतो.

शोधताना पिस्टच्या मधून चालायचं नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा नियमांतला सातवा नियम हाच आहे, पायी चढणाऱ्या-उतरणाऱ्याने कडेने जावं. आपल्या वरच्या अंगाला दोन स्की फुलीसारख्या रोवून ठेवा, म्हणजे येणाऱ्याला लांबून दिसेल.

आणि ताज्या बर्फात उतरणार असाल तर पुढच्या वेळी रिबिनी बांधा. पावडर-दोरी म्हणून मिळतात, भडक रंगाच्या, दीड-दोन मीटर लांब. एक टोक बाइंडिंगला बांधायचं, बाकीची पट्टी पँटच्या पायात खोचायची. स्की सुटली की पट्टी बाहेर ओढली जाते आणि बर्फावर राहते. गुलमर्गला अफरवटच्या उतारांवर पहिल्यांदा स्की केली तेव्हा तिथल्या वाटाड्याने मला वर न्यायच्या आधी या रिबिनी बांधायला लावल्या होत्या. तिथला बर्फ इतका खोल असतो की त्याशिवाय तो कोणाला नेतच नसे.


प्रेषक: गीझिंगची ताई
सोमवार, दुपारी १:१५

काकांनी डोंगराचं सांगितलं, मी गाडीचं सांगते. कारण माझ्या पाहण्यात डोंगरापेक्षा येण्याजाण्यातच जास्त सामान हरवतं.

लेंगरीसची गाडी म्युनिकहून निघते तेव्हा तिला पुढेमागे वेगवेगळ्या गावांचे डबे जोडलेले असतात. होल्त्सकिर्शेनला बायरिशत्सेलचे डबे सुटतात, शाफ्टलाखला टेगर्नझेचे आणि लेंगरीसचे वेगळे होतात. मागच्या हिवाळ्यात आपल्यातलं एक कुटुंब टेगर्नझेच्या डब्यात बसलं होतं. शाफ्टलाखला ते लक्षात आलं, मुलांना धरून, स्की उचलून ते धावत पुढच्या डब्यात गेले, पण दोन्ही मुलांच्या बुटांची आणि हेल्मेटची पिशवी वरच्या फळीवरच राहिली. बूट नाहीत म्हणजे स्की असून उपयोग नाही.

त्या वहिनींनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी लेंगरीसची वाट न बघता लगेच डब्यातल्या तिकीट-तपासनिसाला गाठलं. टेगर्नझेचा कोणता डबा, कोणती बाजू, पिशवीचा रंग, सगळं सांगितलं. त्याने पलीकडच्या गाडीतल्या सहकाऱ्याला फोन केला. टेगर्नझे शेवटचं स्टेशन, तीच गाडी उलटी फिरून परत शाफ्टलाखला येते. वहिनी शाफ्टलाखला परत गेल्या आणि पिशवी त्यांच्या हातात मिळाली. मुलं अकराला उतारावर होती. संध्याकाळी घरी येऊन अर्ज भरला असता तर ती पिशवी आठवडाभर कुठल्यातरी खोलीत पडून राहिली असती.

म्हणून मोसाखच्या ताई, आज वेळ काढून ब्राउनेकच्या खालच्या स्टेशनला फोन करा. दिवस संपला की पिस्टवरची माणसं शेवटची फेरी मारतात. वाटेत दिसलेल्या काठ्या, हातमोजे, स्की ते उचलून आणतात. तुमची स्की कदाचित आधीच खाली आलेली असेल. स्कीची लांबी, रंग, दुकानाच्या चिकटपट्टीवरचा नंबर आणि बाइंडिंगवरचा नंबर सांगा. हे नंबर दुकानाच्या पावतीवर सापडतात.


प्रेषक: झेंडलिंगहून
सोमवार, रात्री १०:०५

सप्रेम नमस्कार.

कायद्याचं थोडं लिहितो, कारण इथे आपली माणसं लवकर हात टेकतात. जर्मनीत दहा युरोंहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती कळवणं सापडवणाऱ्यावर बंधनकारक आहे. मालक सहा महिन्यांत आला नाही तर वस्तू सापडवणाऱ्याची होते. आणि त्याला बक्षीस मागण्याचा हक्क आहे, ५०० युरोंपर्यंत पाच टक्के, त्यावरच्या रकमेवर तीन टक्के. कोणी तुमची ४०० युरोंची स्की आणून दिली तर वीस युरो द्यायचे, आनंदाने द्यायचे. रेल्वेत किंवा सरकारी कचेरीत सापडलेल्या वस्तूला हे बक्षीस निम्मं आहे आणि तेही वस्तू ५० युरोंची तरी असेल तरच.

ऑस्ट्रियाचे नियम वेगळे. आपल्या बऱ्याच सहली टिरोलला जातात म्हणून सांगतो. तिथे मुदत एक वर्षाची आहे. शिवाय नोंद ज्या गावात वस्तू सापडली त्या गावच्या कचेरीत होते. म्युनिकला परत येऊन इथल्या कचेरीत विचारण्यात अर्थ नाही.

म्युनिकमध्येही कुठे विचारायचं ते वस्तू कुठे राहिली त्यावर आहे. एस-बान (उपनगरी गाड्या) आणि डॉइच बान (जर्मन रेल्वे) यांच्या गाड्यांचं सामान शेवटी वुपर्टालच्या मध्यवर्ती कचेरीत जातं. ऊ-बान (भुयारी रेल्वे), ट्राम आणि शहर बसची कचेरी वेगळी, महानगरपालिकेची वेगळी. आणि लेंगरीसची गाडी डॉइच बानची नाही, त्यामुळे वुपर्टालच्या अर्जात तिचं सामान दिसणारच नाही. ही गोष्ट कित्येकांना माहीत नसते आणि ते चुकीच्या दारावर महिनाभर थांबतात.

विम्याबद्दल: घरातल्या सामानाचा विमा कुलूपबंद खोली फोडून चोरी झाली तर पैसे देतो. हॉटेलच्या बाहेर, जेवणाच्या झोपडीसमोर उभी केलेली स्की कोणी नेली तर बहुतेक करारांत ते बसत नाही, वेगळं कलम घ्यावं लागतं. भाड्याच्या दुकानातल्या विम्यातही मोडतोड, चोरी आणि हरवणं या तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. सही करण्याआधी कोणती आहे ते विचारा. चोरी असेल तर पोलिसांच्या नोंदीशिवाय पैसे मिळत नाहीत.

ॲपलचा एअरटॅग, म्हणजे वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारा छोटा टॅग, स्कीला चिकटवावा असं मी सुचवतो. २०२१पासून मिळतो आणि आता त्यासाठी खास पट्ट्याही आहेत.


प्रेषक: पासिंगचे काका
मंगळवार, सकाळी ७:०५

झेंडलिंगकरांचं बहुतेक पटतं, एअरटॅगचं अर्धंच पटतं. त्याचा ठावठिकाणा जवळून जाणाऱ्या आयफोनमुळे कळतो. स्टेशनवर, गाडीत, झोपडीसमोर फोनच फोन असतात, तिथे तो उत्तम. पिस्टपासून लांब, बर्फाखाली, तो शेवटचा कधीतरी दिसलेला ठिपका दाखवतो. रिबिनीचं काम तो करणार नाही. आणि ज्यांच्याकडे हिमस्खलनाचं ट्रान्समीटर (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं यंत्र) असतं त्यांनी लक्षात ठेवावं, टॅग किंवा फोन जॅकेटच्या खिशात त्या यंत्राला चिकटून नको. यंत्र पाठवण्याच्या स्थितीत असेल तेव्हा निदान वीस सेंटिमीटर, शोधण्याच्या स्थितीत पन्नास सेंटिमीटर अंतर लागतं. जीव वाचवायच्या वस्तूत सामान शोधायच्या वस्तूने अडथळा आणू नये.


प्रेषक: सहल समिती
मंगळवार, रात्री ८:३०

मंडळी,

आणखी एक बाब. रविवारी जेवणानंतर आपल्या ग्रुपकडून चुकून एक परकी स्कीची जोडी आली आहे. काळी-लाल, १६० सेंटिमीटरची, भाड्याची, आपल्या एका दादांच्या जोडीसारखीच. दादांची जोडी अर्थातच दुसऱ्या कोणाकडे गेली. चिकटपट्टीवर दुकानाचं नाव आणि नंबर होता, काल फोन केला, तो दुकानदार दोन्ही गिऱ्हाइकांना ओळखतो, अदलाबदल शनिवारी होईल. जेवायला बसताना भाड्याच्या स्कीचे फोटो काढा, नंबर दिसेल असे. आणि शक्यतो जोडी फोडून ठेवा: तुमची एक आणि मित्राची एक या स्टँडला, उरलेल्या दोन पलीकडच्या. चोरालाही बेजोड स्की नको असते आणि चुकून उचलणाऱ्यालाही ती लगेच कळते.

मुलांच्या सामानावर नाव आणि फोन रोमन लिपीत लिहा, फोनच्या आधी जर्मनीचा +४९ घाला. टिरोलमध्ये सापडणारा माणूस नाहीतर लावणार कुठे? समितीने मुलांच्या हेल्मेटसाठी चिकटपट्ट्या मागवल्या आहेत. हातमोज्यांना मनगटाची दोरी असते ती कापू नका. लिफ्टखाली पडलेल्या हातमोज्यामागे कोणी उतरायचं नाही, लिफ्टच्या माणसाला सांगायचं, तो काढून देतो.


प्रेषक: मोसाखहून
शनिवार, रात्री ९:२०

काका, ताई, सगळेच,

स्की मिळाली. खालच्या स्टेशनला सोमवारी फोन केला तेव्हा आलेली नव्हती, पण त्यांनी नोंद घेतली आणि शनिवारी सकाळी या, एक माणूस बरोबर देतो असं सांगितलं. काका पासिंगहून पहिल्या गाडीने आले. त्या माणसाने आधी ह्यांना विचारलं, पडण्याआधी शेवटचं वळण कुठे घेतलं होतं. मग त्या वळणापासून आडव्या रेघा. आम्ही रविवारी जिथे शोधत होतो तिथून बरीच वर, एका लहान झाडाच्या अलीकडे काकांच्या सळईला ती लागली. आठवड्यात वर भरपूर बर्फ साठला होता, नुसत्या स्कीच्या शेपटीने ती मिळाली नसती. त्या माणसाला पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत, मग खाली त्याला सूप आणि कॉफी दिली.

कडांना थोडा गंज दिसला. दुकानात दिली तेव्हा त्यांनी बाइंडिंग यंत्रावर तपासून घेतलं. बर्फाखाली राहिलेलं बाइंडिंग तपासल्याशिवाय परत वापरायचं नाही, असं त्यांनी बजावलं. गंज घासण्याचे थोडे पैसे लागले, बाकी काही नाही.

ह्यांनी रिबिनी मागवल्या आहेत. एकत्र मागवल्या तर पाठवणी-खर्च वाचतो. पुढच्या सहलीआधी कोणाला हव्या असतील तर बुधवारपर्यंत मला कळवा, रंग नारिंगी किंवा गुलाबी.