आर्थिक कोंडी युद्ध टाळते की ओढवून घेते?

दर्यावर्दी: एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर १४५ टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं, चीनने १२५ टक्क्यांनी उत्तर दिलं. मे महिन्यात जिनिव्हात बोलणी झाली आणि दोघेही खाली उतरले. शुल्काची मला तेवढी धास्ती नाही, त्यात घासाघीस होते. धास्ती आहे ती नाक दाबण्याची. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने जपानचं तेल तोडलं. जपानचं सुमारे ८० टक्के तेल तिथूनच यायचं. साठा दिवसागणिक घटत होता आणि टोकियोतले सेनानी हिशेब मांडत होते की लढायचं तर आत्ताच, पुढे जहाजं हलणार नाहीत. डिसेंबरात पर्ल हार्बर झालं.

रोखठोक: अर्धाच इतिहास सांगताय. जपान १९३७ पासून चीनमध्ये कत्तली करत होता, १९४१ च्या जुलैत दक्षिण इंडोचायनातही (आजचा दक्षिण व्हिएतनाम आणि कंबोडिया) घुसला. त्याच्या बॉम्बफेकी विमानांना अमेरिकेने तेल पुरवत राहायचं होतं का? ऑक्टोबर २०२२ चे अमेरिकेचे चीनवरचे चिप-निर्बंधही सरसकट नाहीत, रोख प्रगत चिप आणि त्या बनवणाऱ्या यंत्रांवर आहे. शत्रूच्या हाती आपणच शस्त्र द्यायचं, ही कसली शांतता? आणि व्यापाराने युद्ध टळतं म्हणाल, तर १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती.

दर्यावर्दी: तेल विकत राहावं असं मी म्हणत नाही. पण कोंडी केली की वेळ संपत चालल्याचं घड्याळ समोरच्यापुढे टिकटिकू लागतं, हे तरी मानाल? आज सर्वात प्रगत चिप मुख्यतः तैवानमध्ये बनतात, आणि मधला समुद्र सर्वात अरुंद आहे तिथे चीन अवघ्या १३० किलोमीटरवर आहे.

तिसरी बाजू: २०१० मध्ये चीन आणि जपान दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ दोन्ही देशांच्या नौकांची टक्कर झाल्यानंतर चीनने जपानचा दुर्मिळ खनिजांचा पुरवठा अडवला. युद्ध झालं नाही. जपानने ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसा घातला, साठे केले, वापर कमी केला. नाक दाबलं की माणूस दुसरी वाट शोधतो.

दर्यावर्दी: शोधतो, पण वर्षं लागतात, आणि जपान अजूनही पुरता सुटलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ खनिजांवर परवाना बसवला, तर काही आठवड्यांत या खनिजांपासून बनणाऱ्या चुंबकांवाचून मोटार कारखान्यांतलं उत्पादन थांबू लागलं. मधल्या वर्षांतच धोका आहे. म्हणून निर्बंध लावतानाच ते कशाने उठतील हे सांगावं.

रोखठोक: १९४१ मध्ये सांगितलं होतं: चीनमधून सैन्य काढा. जपानला ते नको होतं.