जनरेटरचं काय ते आज ठरवा

३०४: काल रात्री लाइट गेल्यावर बाल्कनीत जनरेटर कोणी लावला ते सगळ्यांना माहीत आहे. आमची बेडरूम धुराने भरली. सासूबाईंचं डोकं ठणकतंय, मळमळतंय.

२०४: नाव घ्या ना. मीच लावला. बाबांचं ऑक्सिजन मशीन लाइटवर चालतं, हेही सगळ्यांना माहीत आहे.

सचिव: दोघांनाही विनंती, शांतपणे घ्या.

४०२: जिन्याखालचा पेट्रोलचा कॅन आधी हलवा.

१०२: माझी मॅचची शेवटची ओव्हर गेली, ती कोण भरून देणार? 😄

३०४: काका, प्लीज.

३०१: वहिनी, सासूबाईंना आत्ताच डॉक्टरांकडे न्या आणि जनरेटरचं सांगा. धूर निदान दिसतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त ओढीने चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

२०४: बाल्कनी उघडी आहे की.

३०१: तेवढ्याने भागत नाही दादा. दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब, मोकळ्यावर, सायलेन्सरचं तोंड इमारतीकडे नको. आणि त्या बाल्कनीच्या सगळ्यात जवळ तुमचे बाबाच झोपतात.

४०२: पुन्हा लिहितो. जिन्याखालचा पेट्रोलचा कॅन.

२०४: झाकण घट्ट आहे त्याचं.

३०१: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. शेजारी मीटर आहेत. एक ठिणगी पुरे.

२०२: मीटरवरून आठवलं, तिथल्या चपलांच्या रॅकचं काय झालं?

सचिव: काकू, रॅक नंतर.

१०३: मागे यांनी जनरेटरची वायर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये घातली होती. मी पाहिलंय.

३०१: असं कधीही करू नका! मेन चालू राहिला तर करंट उलटा लाइनवर जातो आणि ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट होऊन बाहेर पडतो. खांबावरचा वायरमन लाइन बंद समजून हात लावतो. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे एका वेळी मेन किंवा जनरेटर, एकच जोडला जातो.

२०४: कॉमन बॅकअपसाठी कमिटीला पत्रं दिली, तेव्हा सगळे गप्प होते.

सचिव: निधी नव्हता.

२०४: लिफ्टमधल्या आरशाला होता.

३०४: हे मात्र खरं आहे.

३०१: तोवर मशीनपुरता बॅटरीचा इन्व्हर्टर घ्या, घरात चालतो. शिवाय एक ऑक्सिजन सिलिंडर भरून ठेवा. किती तासांचा लागेल ते डॉक्टरांना विचारा.

४०२: कॅन.

२०४: अहो, निघालोय खाली! ठेवू कुठे? गाडीत?

३०१: गाडीत अजिबात नको. मागच्या शेडमध्ये, तिथे झरोके आहेत, ऊनही येत नाही. टाकीत पेट्रोल महिनोन्महिने पडू देऊ नका, कार्ब्युरेटर चोंदतो. आणि इंजिन गार झाल्याशिवाय ओतायचं नाही.

सचिव: शेडची किल्ली घेऊन येतो. बॅकअपचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये पहिला घेऊ.

२०४: लेखी नोटीस लावा तशी.

१०२: शेडच्या दारात माझं जुनं कपाट आहे, सरकवायला दोघंजण पाठवा.